अस्वलवाले रूझवेल्ट कोणते, रेडिओवाले कोणते?

नुसतं 'रूझवेल्ट' म्हणून गोष्ट सांगायला घेतली की घोटाळा होतोच. शिकारीला गेलेला माणूस पुढच्या तासाला दुसऱ्या महायुद्धात चर्चिलशेजारी बसलेला दिसतो आणि मुलं चक्रावतात. या आडनावाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष दोन होते: थिओडोर (१९०१ ते १९०९, रिपब्लिकन) आणि फ्रँकलिन (१९३३ ते १९४५, डेमोक्रॅट). वर्गात पहिलं नाव घेतल्याशिवाय गोष्ट सुरूच करू नये.

टेडी बेअर या खेळण्याच्या नावामागची गोष्ट थिओडोर यांची. नोव्हेंबर १९०२, मिसिसिपीचं जंगल. त्यांना शिकार मिळेना, म्हणून वाटाड्या होल्ट कोलियर याने एक अस्वल पकडून झाडाला बांधलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला थिओडोर यांनी नकार दिला. इथेच आपण 'जीवदान दिलं' म्हणून मोकळे होतो, पण ते खरं नाही. अस्वल फार जखमी झालं होतं. त्याचे हाल थांबावेत म्हणून त्यांनी ते मारायला सांगितलं. मुलांना हेही सांगावं, पेलतं त्यांना.

मिलवॉकी शहरातल्या गोळीबाराची गोष्टही त्यांचीच, मात्र तेव्हा ते राष्ट्राध्यक्ष नव्हते, पुन्हा निवडणूक लढवत होते. १४ ऑक्टोबर १९१२ ला त्यांच्या छातीवर गोळी झाडली गेली. खिशात चष्म्याची डबी होती आणि पन्नास पानी भाषण दुमडून ठेवलेलं होतं. त्या जाड घडीने गोळीचा जोर मोडला. थिओडोर व्यासपीठावर गेले, भोक पडलेली पानं लोकांना दाखवली आणि तासाभराहून जास्त बोलले. गोळी शरीरात राहिली ती कायमचीच.

फ्रँकलिन यांचं शौर्य वेगळ्या जातीचं. १९२१ साली, ३९ व्या वर्षी, पोलिओसारख्या आजाराने पाय गेले. चारचौघांत उभं राहायचं तर पायांना पोलादी पट्ट्या आणि कुणाचा तरी दंड घट्ट धरलेला. १२ मार्च १९३३ ला, बँका बंद पडलेल्या असताना, त्यांनी रेडिओवरून लोकांना बँक कशी चालते ते घरच्या माणसासारखं समजावलं. चार वेळा निवडून आले तेही हेच.

दोघे दूरचे भाऊबंद. पण १७ मार्च १९०५ ला फ्रँकलिन यांनी थिओडोर यांची पुतणी एलिनॉर हिच्याशी लग्न केलं. तिचे वडील हयात नव्हते, म्हणून पदावर असलेल्या काकांनीच तिचा हात नवऱ्याच्या हाती दिला. थोडक्यात, थिओडोर हे फ्रँकलिन यांचे चुलतसासरे, आणि एलिनॉरला लग्नानंतर आडनाव बदलावंच लागलं नाही.