तळाची भिंत आणि मिनिटांचा हिशेब

पठाणकोटच्या हवाई तळाची हद्द सुमारे २४ किलोमीटर लांबीची आहे. २ जानेवारी २०१६ च्या पहाटे दहशतवाद्यांनी तिथे हल्ला चढवला आणि त्यांच्याशी लढताना ७ जवानांना वीरमरण आलं. अशा घटनेनंतर चर्चा होते ती भिंतीच्या उंचीची. खरा प्रश्न मात्र मिनिटांचा असतो.

भिंत चढायला, तार कापायला आणि विमानांपर्यंत पोहोचायला घुसखोराला काही वेळ लागतो. चाहूल लागल्यावर सशस्त्र तुकडीला तिथे पोहोचायलाही वेळ लागतो. तुकडी आधी पोहोचली तर तळ वाचतो. यातली कळीची गोष्ट अशी, की चाहूल लागण्याआधी भिंतीने खाल्लेला वेळ हिशेबात शून्य धरायचा. कुणाला पत्ताच नसेल तर घुसखोर सावकाश शिडी लावू शकतो.

१४ सप्टेंबर २०१२ च्या रात्री अफगाणिस्तानात हेलमंद प्रांतातल्या कॅम्प बॅस्टियन या लष्करी तळावर हेच घडलं. अमेरिकी गणवेश घातलेले १५ तालिबानी कुंपण कापून आत शिरले आणि ६ हॅरियर विमानं जमिनीवरच नष्ट झाली. दोन अमेरिकी मरीन सैनिक मारले गेले. टेहळणीचे बुरूज होते, पण त्यातल्या बऱ्याच बुरुजांवर त्या रात्री कुणीच नव्हतं.

मग चाहूल लागणार कशी? एक उपाय म्हणजे कुंपणालगत पुरलेली ऑप्टिकल फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारा काचेचा बारीक तंतू. तिच्या एका टोकातून लेसरचे स्पंद सोडतात. काचेतल्या अतिसूक्ष्म असमानतेमुळे त्यातला थोडा प्रकाश सतत मागे परततो. वर कुणी पाऊल टाकलं की जमीन हलते, तंतू किंचित ताणला जातो आणि परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरवरून परतायला त्याला १० मायक्रोसेकंद लागतात. परतीची वेळ मोजली की पाऊल नेमकं कुठे पडलं ते कळतं.

अडचण अशी, की पाऊल कुत्र्याचंही असतं. वाऱ्याने झाडं डोलली, जोराचा पाऊस आला तरी धोक्याची घंटा वाजते. रोज रात्री खोट्या घंटा ऐकणारा पहारेकरी हळूहळू त्यांच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. मला हा धोका यंत्र बंद पडण्याहून मोठा वाटतो. म्हणून घंटा वाजताच त्या जागेवर थर्मल कॅमेरा, म्हणजे उष्णतेचे किरण टिपणारा कॅमेरा, वळवतात. माणसाची त्वचा साधारण ९ ते १० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक उष्णता फेकते. साधी काच हे किरण अडवते, त्यामुळे या कॅमेऱ्याचं भिंग सहसा ते किरण आरपार जाऊ देणाऱ्या जर्मेनियम या मूलद्रव्याचं असतं. अंधारातही त्यात माणूस उठून दिसतो.

पण दाट धुक्यात हे चित्र पुसट होतं. तापलेली जमीन निवताना एका वेळी तिचं तापमान माणसाच्या त्वचेइतकं होतं, तेव्हाही माणूस पार्श्वभूमीत मिसळून जातो. अशा वेळी जमिनीवरचं रडार धुक्यातून पाहू शकतं, मात्र दाट झाडोऱ्यामागे त्यालाही नीट दिसत नाही. त्यामुळे एवढी यंत्रं बसवल्यावरही कुंपणालगतची झुडपं वेळच्या वेळी कापावीच लागतात.