झिंबाब्वेची चित्रकला आणि अतिवास्तववाद

झिंबाब्वेत जन्मलेल्या, पण पुढे दक्षिण आफ्रिकेत किंवा युरोपात स्थायिक झालेल्या काही चित्रकारांच्या कामाला समीक्षक आणि कलादालने ‘अतिवास्तववादी’ हे विशेषण लावतात. या चित्रांत माणसाच्या आकृतीतून झाडे उगवतात, मृत नातेवाईक आणि जिवंत मुले एकाच खोलीत वावरतात, स्वप्नातले प्राणी अंथरुणाभोवती उभे राहतात, म्हणून हे विशेषण वरवर पाहता चपखल वाटते. तथापि या प्रतिमांचा उगम पॅरिसमधील जाहीरनाम्यांत नाही. मिशन शाळांतील चित्रवर्ग, झिंबाब्वेत बहुसंख्य असलेल्या शोना लोकांची पूर्वजांविषयीची श्रद्धा, चर्चमधील स्वप्नकथन आणि गेल्या पंचवीस वर्षांतील मोठे स्थलांतर यांतून ही चित्रकला घडली आहे. त्यामुळे अतिवास्तववादाची एक आफ्रिकी शाखा म्हणून तिची नोंद करण्यापेक्षा, दोन वेगळ्या परंपरांची गाठ कोठे आणि कशी पडली हे पाहणे अधिक उचित ठरते.

आंद्रे ब्रेताँ यांनी 1924 मध्ये पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा पहिला जाहीरनामा प्रसिद्ध केला. तर्काच्या पहाऱ्यातून मनाची सुटका करणे आणि स्वप्नाला जागृतीइतकेच सत्य मानणे हा या चळवळीचा गाभा होता. वसाहतवादाला तिचा सुरुवातीपासून विरोध होता. 1931 मध्ये पॅरिसमध्ये भरलेल्या भव्य वसाहत प्रदर्शनाकडे लोकांनी फिरकू नये असे आवाहन करणारे पत्रक या मंडळींनी काढले होते. पुढे 1941 मध्ये युद्धकाळात फ्रान्समधून बाहेर पडलेले ब्रेताँ मार्टिनिक बेटावर एमे सेझेर या कवीला भेटले, आणि कृष्णवर्णीय लेखकांनी ही चळवळ आपल्या गरजेप्रमाणे वाकवून घेतली आहे याची जाणीव युरोपला होऊ लागली. सेनेगलचे कवी आणि पहिले राष्ट्राध्यक्ष लिओपोल्ड सेंगोर यांनी युरोपीय आणि आफ्रिकी अतिवास्तववाद यांत स्पष्ट भेद केला: पहिला प्रयोगावर उभा आहे, तर दुसऱ्याचे मूळ गूढ आणि आध्यात्मिक जीवनदृष्टीत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. झिंबाब्वेच्या संदर्भात हा भेद वारंवार उपयोगी पडतो.

झिंबाब्वे तेव्हा दक्षिण ऱ्होडेशिया या नावाने ब्रिटिश अमलाखाली होता. कृष्णवर्णीय मुलांना चित्रकलेचे पद्धतशीर शिक्षण प्रथम मिळाले ते बुलावायो शहराजवळच्या सायरीन मिशन शाळेत. एडवर्ड पॅटरसन या अँग्लिकन धर्मोपदेशकांनी 1940 च्या सुमारास ही शाळा सुरू केली आणि चित्रकला हा विषय प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचा केला. शाळेच्या प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर बायबलमधील प्रसंग रंगवले गेले, त्यांतील माणसांचे चेहरे आफ्रिकी होते. विद्यार्थ्यांच्या कागदावरील चित्रांत माटोबो डोंगरांतील ग्रॅनाइटचे गोलाकार खडक, पानन्‌पान वेगळे काढलेली झाडे आणि त्यांच्यामधून हिंडणारे प्राणी असे सारे इतके दाट भरलेले असते की रिकामी जागा जवळजवळ उरतच नाही. जवळचे आणि दूरचे सारख्याच बारकाईने काढलेले असल्याने दृश्य ओळखीचे असूनही स्वप्नवत भासते. सॅम सोंगो हे या शाळेतील विशेष गाजलेले विद्यार्थी. अपंगत्वामुळे चाकाच्या खुर्चीला खिळलेले सोंगो डाव्या हाताने चित्रे काढत. ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांनी 1947 च्या आफ्रिका दौऱ्यात या शाळेला भेट दिली, त्यानंतर विद्यार्थ्यांची चित्रे लंडनमध्येही दाखवण्यात आली. त्यांपैकी बरीच चित्रे तिथेच विस्मृतीत गेली आणि 2020 मध्ये लंडनमधल्या एका प्रदर्शनात पुन्हा लोकांसमोर आली.

देशाची राजधानी सॉल्सबरी, म्हणजे आजचे हरारे, येथे 1957 मध्ये राष्ट्रीय कलादालन उघडले. त्याचे पहिले संचालक फ्रँक मॅकएवेन त्याआधी पॅरिसमध्ये ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते आणि पिकासो, ब्रांकुसी यांच्यासारख्या कलावंतांशी त्यांचा परिचय होता. त्यांच्या पसंतीची अध्यापनपद्धत साधी होती: रंग, कॅनव्हास आणि जागा द्यायची, शिकवायचे मात्र नाही. या कार्यशाळेतील सर्वांत उल्लेखनीय चित्रकार थॉमस मुकारोबग्वा (1924–1999) हे दालनातच परिचर म्हणून काम करत. जाड थरांचे तैलरंग, आडव्यातिडव्या धावणाऱ्या पट्ट्या आणि झाडाच्या आतून बाहेर पाहिल्यासारखी दृश्यरचना ही त्यांच्या निसर्गचित्रांची ओळख आहे. त्यांच्या 1962 मधील एका चित्राचे शीर्षकच ‘झाडाच्या मध्यातून दिसणारे दृश्य’ अशा अर्थाचे आहे, आणि ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. या चित्रासमोर उभे राहिलेल्याला झाड कोणते आणि डोंगर कोणता हे पटकन सांगता येत नाही. निळा, तांबडा आणि हिरवा हे रंग एकमेकांत मिसळत नाहीत, एकमेकांना रेटतात; पाहणाऱ्याला नेमके कोठे उभे केले आहे हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही. मुकारोबग्वा यांनी अतिवास्तववादाचे शिक्षण घेतलेले नव्हते, तरी दृष्टीची चौकट मोडण्याचे जे काम त्या चळवळीने हाती घेतले होते ते येथे तितक्याच समर्थपणे झालेले आहे.

त्याच 1962 साली या दालनाने आफ्रिकी संस्कृतीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. अतिवास्तववादाच्या आधीच्या, तर्क आणि रूढ कला झुगारणाऱ्या डाडा चळवळीचे प्रणेते आणि पुढे अतिवास्तववाद्यांचे सहप्रवासी ठरलेले कवी त्रिस्तान झारा, लंडनमधील 1936 च्या अतिवास्तववादी प्रदर्शनाच्या संयोजकांपैकी एक असलेले रोलंड पेनरोज आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयाचे आल्फ्रेड बार हे तिघेही या परिषदेला सॉल्सबरीत आले होते. युरोपीय अतिवास्तववाद आणि झिंबाब्वेची कला यांची प्रत्यक्ष भेट म्हणता येईल असा हा प्रसंग आहे. मात्र त्या भेटीचे वजन जास्त धरू नये. पाहुण्यांना येथे जे दिसले ते त्यांच्या येण्याआधीच तयार झाले होते. शिवाय मॅकएवेन यांच्या भूमिकेवर पुढे जी टीका झाली तीही रास्त आहे: ‘न शिकवण्या’च्या आग्रहामागे, आफ्रिकी कलावंताने बाहेरच्या जगापासून अस्पर्श राहावे, अशी एक रोमँटिक अपेक्षा होती आणि काय ‘अस्सल’ हे ठरवण्याचा अधिकार संचालकांकडेच राहिला होता.

अल्पसंख्य गोऱ्या सरकारने 11 नोव्हेंबर 1965 रोजी एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले आणि देशावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. मॅकएवेन यांनी 1973 मध्ये पद सोडले. या काळात दगडातील शिल्पकलेची परदेशी मागणी इतकी वाढली की झिंबाब्वेची कला म्हणजे शोना शिल्प असे समीकरण रूढ झाले, आणि चित्रकला अनेक वर्षे त्याच्या सावलीत राहिली. चित्रकारांना आधार देणारी जागा म्हणून डेरेक हगिन्स आणि चित्रकार हेलन लिएरोस यांनी 1975 मध्ये सुरू केलेल्या गॅलरी डेल्टाचा उल्लेख आवश्यक आहे. 18 एप्रिल 1980 रोजी देश स्वतंत्र झाल्यानंतर राष्ट्रीय दालनाच्या प्रशिक्षण कार्यशाळेतून चित्रकारांची नवी पिढी तयार झाली.

ही पिढी उभी राहत असतानाच देशाची घडी विस्कटली. 2000 पासूनचा जमिनींच्या ताब्याचा संघर्ष, निवडणुकांतील हिंसाचार आणि 2008 मध्ये कळसाला पोहोचलेली चलनवाढ यांमुळे लाखो लोक देशाबाहेर गेले. 2009 च्या सुरुवातीस शंभर लाख कोटी डॉलरची नोट काढावी लागली आणि त्याच वर्षी देशाने स्वतःच्या चलनाचा वापर थांबवला. बहुतेकांनी दक्षिण आफ्रिका किंवा ब्रिटनची वाट धरली. परदेशातील झिंबाब्वेच्या चित्रकलेचा आजचा चेहरा या स्थलांतराने घडवला आहे, आणि कुडझानाय-व्हायोलेट ह्वामी या चित्रकर्तीच्या वाटचालीत तो सर्वाधिक स्पष्ट दिसतो.

ह्वामी यांचा जन्म 1993 मध्ये गुटू येथे झाला. वयाच्या नवव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत त्या दक्षिण आफ्रिकेत वाढल्या आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये गेल्या. लंडनच्या विम्बल्डन कला महाविद्यालयातून त्यांनी 2016 मध्ये पदवी घेतली. पुढे ऑक्सफर्डच्या रस्किन कलाविद्यालयातही त्यांचे शिक्षण झाले. 2017 मध्ये लंडनच्या टायबर्न गॅलरीत त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. ‘दक्षिणेकडे चालत राहिलात तर स्वतःलाच भेटाल’ अशा आशयाचे त्याचे शीर्षक होते. 2019 मध्ये गॅसवर्क्स या लंडनमधील संस्थेत भरलेल्या प्रदर्शनाच्या शीर्षकात 15,952 किलोमीटर हे अंतर आणि सहारा ओलांडणाऱ्या महामार्गाचे नाव होते. घर आणि वर्तमान यांच्यातील अंतर शीर्षकातच किलोमीटरमध्ये मोजून मांडण्याची ही रीत त्यांच्या चित्रांच्या स्वभावाशी सुसंगत आहे.

त्यांची चित्रे दोन टप्प्यांत तयार होतात. आधी कुटुंबाच्या जुन्या अल्बममधील छायाचित्रे, स्वतःची छायाचित्रे आणि इंटरनेटवर सापडलेल्या प्रतिमा संगणकावर कापून-जोडून एक रचना केली जाते, मग ती मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात रंगवली जाते. जोडकामाच्या खुणा मुद्दाम लपवलेल्या नसतात. एखाद्या आकृतीच्या कडेला चौकोनी तुकडा तसाच राहतो, एका भागातील रंग नैसर्गिक असतो आणि लगतच्या भागात कातडी गुलाबी किंवा हिरवी होते, मागे भडक रंगाची सपाट पार्श्वभूमी आणि पुढे दाट पाने येतात. नग्न कृष्णवर्णीय शरीर, लिंगभाव आणि लैंगिकता यांविषयी मायदेशात उघडपणे न बोलले जाणारे विषय ह्वामी कौटुंबिक छायाचित्राच्या ओळखीच्या चौकटीत आणून बसवतात. झिंबाब्वेच्या इतिहासाचे संदर्भही येतात: ब्रिटिश सत्तेने 1898 मध्ये फाशी दिलेल्या नेहांडा या आत्म्याचे माध्यम असलेल्या स्त्रीचे नाव त्यांच्या एका चित्राच्या शीर्षकात आहे. पूर्वज माध्यमाच्या मुखातून बोलतात, कुटुंबाच्या निर्णयात त्यांचा वाटा असतो, अशी शोना समजूत आहे; त्यामुळे मृत आणि जिवंत एकाच चित्रात आले तर तेथील प्रेक्षकाला त्यात तर्काचा भंग दिसत नाही. युरोपीय प्रेक्षकाला मात्र हीच रचना अतिवास्तववादी चित्रकार मॅक्स अर्न्स्टच्या चिकटचित्रांच्या (कोलाजच्या) कुळातली वाटते. दोन्ही वाचने शक्य आहेत, पण पहिले वाचन गाळून दुसरे केले तर चित्र निम्मेच हाती लागते.

व्हेनिस द्वैवार्षिकी या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात 2019 मध्ये झिंबाब्वेच्या राष्ट्रीय दालनातील चार कलावंतांत ह्वामी होत्या. ‘डोके नसलेली गोष्ट’ अशा अर्थाचे त्या दालनाचे शोना शीर्षक राष्ट्रवादी नेते हर्बर्ट चिटेपो यांच्या काव्यावरून घेतले होते. झिंबाब्वेने व्हेनिसमध्ये स्वतःचे दालन प्रथम 2011 मध्ये मांडले. आर्थिक कोसळणीतून नुकत्याच सावरू लागलेल्या देशाने हे केले, याची दखल कलाजगताने घेतली होती.

परदेशवास हेच या चित्रकलेचे एकमेव कारण मानता येत नाही, याचा पुरावा पोर्शिया झ्वावाहेरा देतात. 1985 मध्ये जन्मलेल्या झ्वावाहेरा हरारेतच राहून काम करतात, आणि स्वप्न हा त्यांच्या चित्रांचा थेट विषय आहे. स्वप्न हा इशारा किंवा संदेश असतो, तो घरच्यांना सांगायचा आणि त्यावर प्रार्थना करायची, अशा धार्मिक वातावरणात त्या वाढल्या. रात्री दिसलेले कागदावर टिपून ठेवायचे आणि नंतर छपाईची शाई, तेलकट रंगकांड्या, ठसे आणि मेणाने अडवलेली नक्षी यांच्या थरांतून मोठ्या कॅनव्हासवर त्याचा पाठपुरावा करायचा, ही त्यांची पद्धत आहे. फ्रॉइडच्या प्रभावाखालील अतिवास्तववाद्यांना स्वप्नात दडपलेली इच्छा दिसत होती. झ्वावाहेरा यांच्यासाठी स्वप्न बाहेरून येते आणि त्याला उत्तर द्यावे लागते. लेससारख्या नक्षीच्या झग्यातली स्त्री आणि तिच्या अंगावर झेपावणारे प्राणी यांचे चित्र म्हणूनच भीतीच्या चित्रणाइतकेच संरक्षणाची याचनाही असते. 2013 च्या व्हेनिस दालनात त्यांच्यासोबत असलेल्या व्हर्जिनिया चिहोता (जन्म 1983, चितुंग्विझा) यांनी मात्र लिबिया आणि मॉन्टेनेग्रो अशा देशांत संसार थाटत चित्रे केली. त्यांच्या रेशीमपडदा-छपाईच्या (स्क्रीन प्रिंटिंगच्या) चित्रांत एकाकी स्त्रीदेह स्वतःभोवती गुंडाळलेला, कधी दुसऱ्या देहात शिरणारा असा येतो, आणि बाळंतपण, घर, बायबलमधील वचने हे विषय परक्या शहरातील एकटेपणाशी जोडले जातात.

2022 च्या व्हेनिस द्वैवार्षिकीच्या मुख्य प्रदर्शनाने अतिवास्तववादालाच मध्यवर्ती स्थान दिले. संयोजक चेचिलिया अलेमानी यांनी त्याचे शीर्षक लिओनोरा कॅरिंग्टन यांच्या मुलांसाठीच्या गोष्टींच्या पुस्तकावरून घेतले होते. कॅरिंग्टन स्वतः इंग्लंडमध्ये जन्मून मेक्सिकोत आयुष्य काढलेल्या अतिवास्तववादी चित्रकर्ती होत्या. ह्वामी आणि झ्वावाहेरा या दोघींची निवड या प्रदर्शनात झाली. विसाव्या शतकातील दुर्लक्षित अतिवास्तववादी स्त्रिया आणि आजच्या आफ्रिकी चित्रकर्ती एकाच छताखाली आल्याने हे विशेषण झिंबाब्वेच्या चित्रकलेला अधिक पक्के चिकटले. त्याचा लाभ उघड आहे: संग्रहालये, खरेदीदार आणि अभ्यासक यांना ओळखीचा दरवाजा मिळतो. तोटाही तितकाच खरा आहे, कारण त्या दरवाजातून आत आलेला अभ्यासक ब्रेताँपासून सुरुवात करतो आणि सायरीनच्या भिंती किंवा मुकारोबग्वांचे झाड त्याच्या वाटेत येतच नाही. या चित्रकलेचा इतिहास लिहिताना क्रम उलटा लावणे, म्हणजे बुलावायो आणि हरारे येथून निघून मग जोहान्सबर्ग, लंडन आणि व्हेनिसपर्यंत जाणे, हेच उपलब्ध चित्रांशी अधिक जुळते. हरारेत 2009 मध्ये सुरू झालेली फर्स्ट फ्लोअर गॅलरी आणि राष्ट्रीय दालनाची प्रशिक्षण कार्यशाळा या ठिकाणी नव्या चित्रकारांचे काम आजही आधी तिथल्याच प्रेक्षकांपुढे मांडले जाते.