बेल्ट आवळणारा आणि बेल्ट सोडणारा

"आधी गच्च आवळला की रे, आणि ऐन वेळेला ढिल्ला पडला. डुप्लिकेट बेल्ट घालून दिलाय बघ!"

निपाणीचा आमचा अण्णा, माझा थोरला मावसभाऊ, गेल्या गळीत हंगामापासून हेच ऐकवतोय. संकेश्वरजवळ हायवेवर उसाची ट्रॉली आडवी आली, पुढच्या टेम्पोनं ब्रेक मारला आणि अण्णाची कार टेम्पोवर. एक बरगडी तडकली, बाकी माणूस शाबूत. राग मात्र सगळा बेल्टवर. गंमत म्हणजे त्यानं सांगितलेला क्रम बरोबर आहे. बेल्टनं नेमकं तेच करायचं असतं.

दाराशेजारच्या खांबात बेल्टचं जे रीळ असतं, त्यात दोन उलट्या स्वभावाच्या गोष्टी शेजारी नांदतात: पट्टा आवळणारा प्रीटेन्शनर आणि पट्टा सोडणारा लोड लिमिटर. त्यात भर म्हणून रोजचं साधं लॉक. शोरूममध्ये आपण बेल्ट हिसकून बघतो, तो अडकला की "प्रीटेन्शनर भारी आहे" म्हणतो. ते नुसतं लॉक. प्रीटेन्शनर हिसक्यानं चालत नाही. त्यात स्फोटक दारूची छोटीशी पुडी असते. एअरबॅग उडवणारी यंत्रणाच तिला पेटवते, गॅसच्या दाबानं रीळ उलटं फिरतं आणि काही सेंटीमीटर पट्टा आत ओढला जातो. सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात.

एवढी घाई कशाला? ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. भक्कम अडथळ्यावर आदळलं की कारचं नाक चेपून सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतो. अंगात जाड जर्किन, वर शाल, पट्टा सैल. मग गाडी थांबायला लागली तरी तुम्ही अजून 50 नेच पुढे निघालेले. उरलेल्या तुटपुंज्या जागेत थांबायचं. या वेगातून 60 सेंटीमीटरमध्ये एकसारखं थांबलात तर शरीरावर सुमारे 16 जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या 16 पट जोर, 30 सेंटीमीटरमध्ये 32. प्रीटेन्शनर ती वाया जाणारी जागा परत मिळवून देतो, बस्स.

मला स्वतःला लोड लिमिटर जास्त आवडतो, कारण तो कमालीचा साधा आहे. बऱ्याच गाड्यांत तो म्हणजे रिळाच्या पोटातली स्टीलची एक कांडी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत ज्यानं चार वर्षं काढलीत त्याला सांगायला नको: कांडी एका ताकदीपर्यंत ताठ राहते, मग पिळायला लागते, आणि पिळत असताना जोर बऱ्यापैकी तेवढाच राहतो. रिळाची एक बाजू लॉक झालेली, दुसरीकडून तुमची छाती पट्टा ओढतेय. खांद्यावरच्या पट्ट्याचा ताण 4 किलोन्यूटनच्या आसपास, म्हणजे 400 किलोच्या वजनाएवढा झाला की कांडी पिळते (हा आकडा गाडीगणिक बदलतो) आणि पट्टा ताण न सोडता पुढे सरकतो. छाती एअरबॅगवर टेकते, भार वाटला जातो.

नील्स बोलीननं 1959 साली व्होल्वोत आणलेल्या तीन टोकांच्या पट्ट्यात यातलं काही नव्हतं. माणूस गाडीत राहायचा, पण बरगड्यांवर सगळा भार त्या दोन इंच रुंद पट्ट्याचा. अमेरिकी नियमात समोरच्या धडकेत सरासरी पुरुषाएवढ्या डमीची, म्हणजे चाचणीसाठी गाडीत बसवलेल्या पुतळ्याची, छाती 63 मिलिमीटरपेक्षा जास्त दबलेली चालत नाही. पण डमीला वय नसतं. म्हाताऱ्या बरगड्या कमी भारातही मोडतात, आणि अण्णा साठीला टेकलाय. वर सीट पुढे ओढून स्टिअरिंगला चिकटून बसायची सवय. पट्ट्यानं सोडलं तरी सरकायला जागा कुठाय?

गॅरेजमध्ये त्याला पट्टा ओढून दाखवला. खांद्याजवळच्या कडीतून तो जातो तिथं चार बोटं लांब, चकचकीत, वितळल्यासारखा डाग उमटला होता. प्रचंड ताणाखाली कडीतून घासत सरकल्याची खूण.

"सुटलाच की मग," अण्णा.

"सोडला, अण्णा. सुटला नाही."

मिस्त्री म्हणाला, बेल्ट धुऊन परत लावतो, मीटरवरचा एअरबॅगचा दिवा रेझिस्टर टाकून, म्हणजे यंत्रणेला फसवून, घालवतो. पण पुडी जळलेली, कांडी पिळलेली. दोन्ही एकदाच चालतात. मी अख्खं रीळ नवीन घालायला लावलं. बिल हातात आलं आणि अण्णाची गाडी परत डुप्लिकेटवर घसरली.