गिरण्यांच्या शेड कुणाच्या वाट्याला आल्या?

मुंबईतल्या काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय करायची महापालिकेची योजना वर्षानुवर्षे रेंगाळली आहे. गिरणगाव म्हणून ओळखल्या गेलेल्या या भागात गिरण्यांच्या वास्तूंपैकी लोकांच्या वाट्याला इतके कमी का आले, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली. पुढे लालबाग, परळ, वरळीत गिरण्यांभोवती चाळी, खानावळी, भजनी मंडळे, कामगार नाटके वाढली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या आणि कापडापेक्षा जमिनीला भाव आला.

खरी वाटणी कागदावर झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे: एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिआ यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्र विचार करून आराखडा दिला. तो बाजूलाच पडला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची उरली. शेडखालची जमीन हिशेबातूनच गेली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हे अडवले, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. माझ्या मते गिरणगावचे भवितव्य संपापेक्षा या एका दुरुस्तीने जास्त ठरवले.

जुन्या वास्तूंचा वापर झाला, पण तो बाजाराने केला. फिनिक्स मिलमध्ये मॉल आला आणि चिमणी तेवढी राहिली. कमला मिलच्या आवारात कार्यालये आणि हॉटेले आली; तिथेच २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जणांचा जीव गेला. वास्तविक करवतीच्या दात्यांसारखे छप्पर असलेली शेड वाचनालयाला, तालमीच्या जागेला किंवा कार्यशाळेला फार सोयीची. उत्तरेकडच्या काचांतून दिवसभर एकसारखा उजेड येतो आणि ऊन थेट आत पडत नाही.

काळाचौकीला म्हणूनच महत्त्व आहे. पण १९८२ मध्ये विशीत असलेला कामगार आज साठीच्या पुढे गेला आहे. साच्यावर, म्हणजे मागावर, तुटलेला धागा कसा जोडायचा, हे हाताने दाखवू शकणारी माणसे संग्रहालयाच्या आखणीत आत्ताच घ्यायला हवीत.