साखर सोडली की कॅन्सर उपाशी मरतो? नाही हो

‘साखर बंद करा, कॅन्सरच्या पेशी उपाशी मरतील’ हा फॉरवर्ड काही केल्या थांबत नाही. मूळ १९२० च्या दशकातलं, ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं की ट्यूमरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज भराभर आंबवतात, म्हणजे ऑक्सिजन न वापरताच अर्धवट तोडतात. निरीक्षण बरोबर होतं, पण या पेशींच्या मायटोकॉन्ड्रियातच (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या पेशीतल्या भागात) बिघाड असतो हा त्याचा निष्कर्ष बहुतेक ट्यूमरना लागू पडत नाही.

मेलानोमाच घ्या, त्वचेचा तो झपाट्याने पसरणारा डेंजर कॅन्सर. साधारण निम्म्या पेशंटमध्ये बीरॅफ (BRAF) हा पेशींची वाढ चालवणारा जीन बदललेला असतो, त्याला रोखणारी औषधं दिली की पेशींचा ग्लुकोजचा वापर धाडकन पडतो, आणि तरी काही पेशी तग धरतात कारण त्या सरळ मायटोकॉन्ड्रियावर शिफ्ट होतात, फॅटी अ‍ॅसिड, ग्लुटामिन (एक अमिनो अ‍ॅसिड), मिळेल ते जाळतात. पसरतानाही तेच, नुसत्या साखरेवर सगळं अवलंबून नसतं. रक्तात शिरलेल्या बहुतेक पेशी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसने (ऑक्सिजनच्या घातक रेणूंमुळे होणाऱ्या नुकसानीने) मरतात, पण उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की लिम्फमधून (शरीरात फिरणाऱ्या लसिका द्रवातून) गेलेल्या पेशींना तिथलं ओलिक अ‍ॅसिड हे फॅटी अ‍ॅसिड वाचवतं. (अँटिऑक्सिडंट हाच स्ट्रेस कमी करतात, म्हणून ‘अँटिऑक्सिडंट घ्या’ हा सल्लाही जपून, २०१५ मध्ये उंदरांत त्याने मेलानोमा जास्त पसरला होता.)

आणि साखर सोडली तरी लिव्हर ग्लुकोज बनवतंच. गोड कमी खाल्लं तर चांगलंच, पण उपचार चालू असताना खाणंच तोडलं तर आधी वजन आणि स्नायू जातात, ट्यूमर नाही.