घाबरलेलं पिलू खात का नाही?

हॅचरीतून आलेले खोके शेडमध्ये उघडले की पोल्ट्रीवाल्याची नजर एकाच गोष्टीवर असते: पिलं दाण्याला लागली का? काही पिलं कागदावर पसरलेला मक्याचा भरडा लगेच टोचू लागतात. काही मात्र एकमेकांना चिकटून कोपऱ्यात चिवचिवत बसतात. खाद्य तेच, पाणी तेच, तरी ती खात नाहीत. मग ‘पिलूच कमजोर निघालं’ म्हणून विषय संपतो. कोंबडीच्या मेंदूवर गेल्या काही दशकांत झालेलं काम वाचलं की हे उत्तर फार अपुरं वाटतं. भूक आणि भीती यांच्या वाटा कोंबडीच्या मेंदूत एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की एकीला धक्का लागला की दुसरी हलतेच.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग असतो. अंगात ऊर्जा किती शिल्लक आहे याची खबर तिथे पोचते आणि खायचं की थांबायचं हे तिथे ठरतं. भूक पेटवणारं तिथलं मुख्य रसायन म्हणजे न्यूरोपेप्टाइड वाय, थोडक्यात एनपीवाय. पिलाच्या मेंदूत ते टोचलं तर पोट भरलेलं असूनही पिलू पुन्हा खायला लागतं. उंदरातही हेच होतं. इथपर्यंत पक्षी आणि सस्तन प्राणी एका वाटेवर आहेत.

घ्रेलिनपाशी मात्र वाटा वेगळ्या होतात. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी उंदराच्या जठरातून हे संप्रेरक शोधून काढलं. पोट रिकामं झालं की ते वाढतं आणि मेंदूला ‘जेवायची वेळ झाली’ असं कळवतं. माणसातही ते असंच वागतं, म्हणून त्याला भुकेचं संप्रेरक हे नाव चिकटलं. कोंबडीतही घ्रेलिन सापडलं, २६ अमिनो आम्लांचं (अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे घटक), आणि उपाशी पिलात ते वाढतंही. पण जपानमध्ये मित्सुहिरो फुरुसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पिलाच्या मेंदूत टोचलं, तेव्हा पिलांनी खाणं वाढवण्याऐवजी कमी केलं. डोस वाढवला तसं खाणं आणखी घटलं.

असं का व्हावं? याचं उत्तर सीआरएफ नावाच्या रसायनात सापडलं. संकटाची चाहूल लागली की हायपोथॅलॅमस सीआरएफ सोडतो. ते पिट्यूटरी ग्रंथीला जागं करतं, पिट्यूटरी अॅड्रिनल ग्रंथीला हुकूम देते आणि रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन उतरतं. आपल्यात हे काम कॉर्टिसॉल करतं, पक्ष्यांत कॉर्टिकोस्टेरॉन. हेच सीआरएफ मेंदूतल्या मेंदूत भूकही मारतं. पिलात घ्रेलिन नेमका सीआरएफचा रस्ता उघडतं. सीआरएफला अडवणारं औषध दिलं की घ्रेलिनचा भूक मारणारा परिणाम ओसरतो. म्हणजे जो निरोप उंदराच्या मेंदूत ‘खा’ म्हणून वाचला जातो, तोच पिलाच्या मेंदूत ‘सावध राहा’ म्हणून वाचला जातो. उंदरावरून कोंबडीचं अनुमान काढणं किती धोक्याचं आहे, हे मला या एका प्रयोगाइतकं दुसऱ्या कशातून पटलेलं नाही.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमध्ये पॉल सीगल यांनी १९५७ मध्ये एक प्रयोग सुरू केला आणि तो अनेक दशकं चालला. एकाच कळपातून त्यांनी दोन वंश काढले. एका वंशात दर पिढीला आठ आठवड्यांच्या वयात सर्वांत जड असलेले पक्षी पैदाशीला ठेवले, दुसऱ्यात सर्वांत हलके. पन्नासेक पिढ्यांनंतर दोन्हींच्या वजनात दहापटींहून जास्त फरक पडला. जड वंशाचे पक्षी भसाभसा खाऊन लठ्ठ होतात. हलक्या वंशातली काही पिलं समोर दाणे असूनही न खाता मरतात. निवड फक्त वजनावर झाली होती, पण त्यासोबत मेंदूही बदलला: हलक्या वंशाची पिलं सीआरएफला जास्त संवेदनशील निघाली. त्याच विद्यापीठातल्या नंतरच्या प्रयोगांत या पिलांना अंड्यातून बाहेर येताच थोडा वेळ कडक थंडी आणि दिवसभर उपास असा दुहेरी ताण दिला. पाचव्या दिवशी त्यांच्या मेंदूत एनपीवाय टोचलं, तरी त्यांची भूक वाढली नाही. पहिल्या दिवसाचा ताण पाचव्या दिवसाच्या भुकेत शिल्लक राहू शकतो, असा याचा सरळ अर्थ.

शेडमधल्या ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या, पिलाला हे जसंच्या तसं लागू होत नाही. तो पक्षी जड वंशाच्या बाजूचा. तरीही पहिल्या दिवसाच्या ब्रूडिंगला, म्हणजे पिलांना ऊब देऊन सांभाळण्याला, अनुभवी माणसं एवढं महत्त्व का देतात, हे यावरून कळतं. ब्रूडरखाली ३२ ते ३५ अंश ऊब, वारा अडवायला पडदे, कागदावर दाणे, हाताशी पाणी. मग संध्याकाळी क्रॉप चाचपायचा. क्रॉप म्हणजे पिलाच्या मानेच्या बुडाशी असलेली अन्न साठवायची पिशवी. पिलू तळहातावर घेऊन अंगठा आणि बोटाने ती हलकेच दाबून पाहायची. भिजलेल्या पिठासारखी मऊ लागली तर पिलानं दाणाही खाल्ला आणि पाणीही प्यालं. कडक लागली आणि दाण्याचा खरखरीतपणा बोटाला कळला तर पाणी कमी पडलंय. नुसती लिबलिबीत फुगलेली असेल तर पोटात पाणीच आहे. रिकामी असेल तर खाद्याच्या गोणीकडे बोट दाखवण्याआधी थंडी, गर्दी, अंधार आणि प्रवासात गेलेले तास तपासावेत. पोटात शिल्लक असलेल्या बलकावर पिलू दोन-तीन दिवस तग धरतं, पण तेवढ्या भरवशावर त्याला उपाशी ठेवणं मला मान्य नाही.

आता खाद्य मेंदूवर काय परिणाम करतं ते पाहू. मेंदूत सेरोटोनिन हे वागणुकीवर परिणाम करणारं रसायन तयार होतं ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून, आणि ट्रिप्टोफॅन कोंबडीला खाद्यातूनच मिळवावं लागतं. शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन आतड्यात असतं, पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदूला आपलं सेरोटोनिन स्वतःच बनवावं लागतं, आणि त्याचा कच्चा माल आत येण्याचं दार अरुंद आहे. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फिनाइलअॅलनिन, टायरोसिन ही अमिनो आम्लंही त्याच दारातून आत जातात. सणाच्या दिवशी एसटीच्या दाराशी होते तशी तिथे रेटारेटी असते. बाकीचे जास्त असले की ट्रिप्टोफॅन मागे राहतं. आपल्याकडच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो, आणि मक्याच्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन कमी, ल्युसिन भरपूर. सोयाबीन पेंड बरीच उणीव भरून काढते. पेंड महागली म्हणून फॉर्म्युल्यात हात आखडता घेताना बहुतेक जण वाढीचा आणि अंड्यांचा हिशेब करतात. वागणुकीचा हिशेब क्वचितच कोणी करतं.

लेयर शेडमध्ये, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये, कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, पाठी उघड्या पडतात, रक्त दिसलं की सगळ्या मिळून तिथेच टोचतात. नेदरलँड्समध्ये झालेल्या कामात, पिसं टोचण्याची सवय जास्त असलेल्या वंशाच्या लहान पिलांमध्ये सेरोटोनिनची उलाढाल मंद आढळली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांच्या खाद्यातलं ट्रिप्टोफॅन ०.१६ टक्क्यांवरून २ टक्के केलं, तेव्हा हलकी टोचाटोची कमी झाली. ही मात्रा नेहमीच्या दहापटींहून जास्त आहे आणि व्यवहारात परवडणारी नाही. शिवाय वय वाढतं तसं सेरोटोनिनचं चित्र बदलतं. त्यामुळे ट्रिप्टोफॅनची पुडी म्हणजे चोच कापण्याला पर्याय, असं मी म्हणणार नाही. उकरायला कोरडं तूस, कमी गर्दी, मंद उजेड यांचं मोल त्याहून मोठं आहे. पण मेंदूला मिळणारा कच्चा माल बदलला तर वागणूकही बदलू शकते, हे त्या प्रयोगानं दाखवलं.

सेरिन या अमिनो आम्लाची गोष्टही अशीच. एकटं पडलेलं पिलू कर्कश ओरडतं आणि सैरावैरा पळतं. जपानमधल्या क्युशू विद्यापीठातल्या प्रयोगांत एल-सेरिन थेट मेंदूत दिल्यावर अशी पिलं शांत झाली, पेंगू लागली. ‘मेंदूत टोचलं’ आणि ‘खाद्यात मिसळलं’ यांत मोठं अंतर आहे. आतडं, यकृत आणि मेंदूचं ते अरुंद दार, एवढं सगळं ओलांडून किती पोचेल हा वेगळा प्रश्न. ‘अँटी-स्ट्रेस’ म्हणून विकली जाणारी पावडर घेताना हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा.

उन्हाळ्यात मात्र न खाणं हा पक्ष्याचा बचाव असतो. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास, आणि तिला घाम येत नाही. विदर्भात पारा ४५ वर गेला की ती चोच उघडून धापा टाकते. खाल्लेलं पचवतानाही उष्णता तयार होते, म्हणून मेंदू भूकच आवरतो. तेव्हा भर दुपारी खाद्य पुढे रेटू नये. पहाटे आणि रात्री गारव्यात खायला द्यावं, ऊर्जेचा काही भाग तेलातून द्यावा, कारण तेल पचवताना उष्णता कमी निर्माण होते, आणि जादा प्रथिनं कमी करून लायसिन-मेथिओनिन या अमिनो आम्लांचा तोल सांभाळावा. उष्णतेनं पिलांच्या रक्तातलं सिट्रुलिन घटतं आणि तोंडावाटे दिलेल्या सिट्रुलिननं शरीराचं तापमान उतरतं, असंही क्युशूमध्ये दिसलं. सिट्रुलिन म्हणजे कलिंगडात विपुल असलेलं अमिनो आम्ल. इथे निदान मेंदूत सुई टोचायची गरज नव्हती.

या सगळ्यात ज्या पक्ष्यांची आठवण कमी निघते ते म्हणजे ब्रॉयलरचे आईबाप. त्यांना पोटभर खाऊ दिलं तर ते लठ्ठ होतात, पाय अधू होतात, अंडी घटतात, म्हणून वाढीच्या वयात त्यांना मनासारखं खाल्लं असतं त्याच्या निम्म्याहूनही कमी खाद्य मिळतं. ते रिकामी भांडी टोचत राहतात, पाण्यापाशी घुटमळतात. ‘सवय होते त्यांना’ असं सांगितलं जातं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी अशा पक्ष्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये भूक पेटवणाऱ्या एजीआरपी या रसायनाच्या जनुकाचं काम किती चालतं ते मोजलं. ते दीर्घकाळ अर्धपोटी राहिलेल्या पक्ष्यांत सतत चढलेलं होतं. सवय झाली असती तर ते उतरलेलं दिसलं असतं.