संक्रमण धातू

आवर्त सारणीच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे डी-खंडात, येणाऱ्या धातूंना संक्रमण धातू म्हणतात. लोह, तांबे, क्रोमियम, निकेल, टिटॅनियम, चांदी, प्लॅटिनम, सोने, टंगस्टन ही त्यांतली परिचित नावे. ज्या मूलद्रव्याच्या अणूतील डी-उपकवच (इलेक्ट्रॉन-कवचाचा दहा इलेक्ट्रॉन मावणारा भाग) अपूर्ण असते, किंवा ज्याच्यापासून अपूर्ण डी-उपकवचाचे धन आयन तयार होतात, ते संक्रमण मूलद्रव्य, अशी त्याची व्याख्या आहे. या कसोटीला १२व्या गणातील जस्त, कॅडमियम आणि पारा उतरत नाहीत, कारण त्यांच्या अणूत आणि नेहमीच्या आयनांतही डी-उपकवच दहा इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेले असते. तांब्याच्या अणूतही दहा डी-इलेक्ट्रॉन असतात, पण द्विधन आयन होताना त्यांतला एक जातो आणि नऊ उरतात, म्हणून तांबे या गटात येते. अनेक पाठ्यपुस्तके सोयीसाठी जस्तही याच ओळीत शिकवतात. त्याला हरकत नाही, मात्र झिंक सल्फेटचे रंगहीन द्रावण आणि मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) निळे द्रावण शेजारी ठेवले, की ही सीमारेषा नुसती कागदावरची नाही हे दिसते.

इलेक्ट्रॉनांची मांडणी : पहिली मालिका स्कँडियमपासून (अणुक्रमांक २१) सुरू होते. पुढे अणुक्रमांक एकाने वाढतो तसा नवा इलेक्ट्रॉन सर्वांत बाहेरच्या चौथ्या कवचात न जाता त्याच्या आतल्या, तिसऱ्या कवचाच्या डी-कक्षकांत (प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन मावणाऱ्या पाच जागांत) जातो. बाहेरच्या एस-कक्षकात बहुधा दोन इलेक्ट्रॉन असतात. क्रोमियम आणि तांबे यांच्यात एकच असतो. आयन होताना मात्र आधी एस-इलेक्ट्रॉन निघून जातात. त्यामुळे लोहाच्या द्विधन आयनात सहा आणि त्रिधन आयनात पाच डी-इलेक्ट्रॉन उरतात. या धातूंचे बहुतेक सारे रसायन या उरलेल्या इलेक्ट्रॉनांभोवती फिरते. ते अणुकेंद्राशी इतके घट्ट बांधलेले नसतात की अभिक्रियेत भागच घेणार नाहीत, आणि इतके सैलही नसतात की सोडियमच्या बाह्य इलेक्ट्रॉनासारखे सहज सुटून जातील. आयनाभोवती कोण आहे, याचा परिणाम त्यांच्यावर लगेच होतो.

भौतिक गुणधर्म : एस-इलेक्ट्रॉनांबरोबर डी-इलेक्ट्रॉनही धातुबंधात उतरतात. त्यामुळे हे धातू सहसा कठीण, जड आणि उच्च वितळबिंदूचे असतात. टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतो. याहून उच्च वितळबिंदूचा दुसरा धातू नाही. ऑस्मियमची घनता घन सेंटिमीटरला सुमारे २२.६ ग्रॅम, म्हणजे सर्व मूलद्रव्यांत सर्वाधिक. मालिकेच्या मध्यापर्यंत वितळबिंदू साधारणपणे चढतो आणि पुढे उतरतो, पण मँगॅनीज मध्येच खाली घसरतो: क्रोमियम १,९०७, मँगॅनीज १,२४६, लोह १,५३८ अंश. डी-उपकवच पूर्ण भरल्यावर हा आधार जवळजवळ नाहीसा होतो, आणि जस्त ४२० अंशांनाच वितळते.

आकाराच्या बाबतीत एक गोष्ट विशेष आहे. एकाच गणात खाली जाताना अणू मोठा व्हायला हवा. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या मालिकेच्या मध्ये लँथॅनाइडांची १४ मूलद्रव्ये येतात. त्यांचे एफ-इलेक्ट्रॉन अणुकेंद्राचा वाढता धनभार नीट झाकू शकत नाहीत, त्यामुळे अणू आकसत जातो. परिणामी झिर्कोनियम आणि त्याच्या खालचा हाफ्नियम यांची त्रिज्या जवळपास सारखीच भरते, आणि रासायनिक वागणूकही. झिर्कोनियमचा शोध १७८९ सालचा. त्याच्या खनिजांत हाफ्नियम पहिल्यापासून होता, पण तो १९२३ मध्ये कोपनहेगनला कोस्टर आणि हेवेशी यांनी क्ष-किरण वर्णपटावरून ओळखला, तोवर कोणाच्या हाती लागला नाही. अणुभट्टीत मात्र हे दोघे पार वेगळे वागतात. झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे शोषत नाही, म्हणून त्याची मिश्रधातू इंधनाच्या आवरणासाठी वापरतात. हाफ्नियम न्यूट्रॉन भरपूर शोषतो, म्हणून तो नियंत्रक कांड्यांत घालतात. रसायनाने जवळजवळ एकरूप असलेल्या या जोडीला तिथे कष्टाने वेगळे करावेच लागते.

ऑक्सिडीकरण अवस्था : डी-इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने देता येत असल्याने एकच धातू अनेक अवस्थांत सापडतो. +२ म्हणजे ढोबळमानाने दोन इलेक्ट्रॉन दिलेली अवस्था. मँगॅनीजची संयुगे +२ पासून +७ पर्यंत मिळतात, तर रुथेनियम आणि ऑस्मियम +८ पर्यंत जातात. उच्च अवस्था टिकवायला ऑक्सिजन किंवा फ्लोरिनची साथ लागते. उलट कार्बन मोनॉक्साइडच्या सोबतीत धातू शून्य अवस्थेतही संयुग बनवतो. १८९० मध्ये लुडविग माँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेलवरून हा वायू नेला आणि निकेल कार्बोनिल मिळवले. हे अतिशय विषारी द्रव ४३ अंशांनाच उकळते. त्याची वाफ तापवली की शुद्ध निकेल मागे उरते, आणि निकेल शुद्ध करण्याची एक औद्योगिक पद्धत यावरच उभी राहिली.

या बदलत्या अवस्था डोळ्यांनी पाहायच्या तर व्हॅनेडियमसारखा धातू नाही. अमोनियम मेटाव्हॅनेडेट विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवले की पिवळे द्रावण मिळते. यात व्हॅनेडियम +५ अवस्थेत असतो. त्यात जस्ताची पूड टाकून चंबू हलवत राहावे. द्रावण आधी हिरवट होते, पण ही नवी अवस्था नव्हे: उरलेला पिवळा आणि तयार होत असलेला निळा मिळून तो हिरवा दिसतो. मग स्वच्छ निळा येतो (+४), त्यानंतर खरा हिरवा (+३) आणि शेवटी जांभळा (+२). जांभळे द्रावण उघडे ठेवले तर हवेतला ऑक्सिजन त्याला पुन्हा वरच्या अवस्थेकडे नेऊ लागतो.

जटिल संयुगे : धातूच्या आयनाभोवती पाणी, अमोनिया, क्लोराइड, सायनाइड असे रेणू वा आयन इलेक्ट्रॉनांच्या जोड्या देऊन जोडले जातात. त्यांना लिगंड म्हणतात. ही कल्पना आज साधी वाटते, पण १९व्या शतकाच्या अखेरीस कोबाल्टच्या अमोनियायुक्त क्लोराइडांनी रसायनशास्त्रज्ञांना हैराण केले होते. त्रिसंयुजी कोबाल्ट तीन क्लोरिनांशी जोडला गेल्यावर वर सहा, पाच किंवा चार अमोनिया कुठे बसतात? त्या काळी अमोनियाच्या साखळ्या कल्पून उत्तर देत. झुरिचच्या आल्फ्रेड व्हेर्नर यांनी १८९३ मध्ये वेगळे उत्तर दिले: कोबाल्टला थेट चिकटलेले शेजारी नेहमी सहाच, आणि ते अष्टफलकाच्या सहा टोकांवर बसतात. उरलेले क्लोराइड बाहेर, सुटे.

हे तपासायला सिल्व्हर नायट्रेट पुरते. सहा अमोनियाच्या नारिंगी-पिवळ्या क्षारातून तिन्ही क्लोराइड पांढऱ्या अवक्षेपाच्या रूपात खाली बसतात. पाच अमोनियाच्या जांभळट-लाल क्षारातून दोनच, आणि चार अमोनियाच्या हिरव्या क्षारातून एकच. म्हणजे अमोनिया जितके कमी, तितके क्लोराइड आत अडकलेले. शिवाय अष्टफलक खरा असेल तर चार अमोनियाच्या क्षाराची दोनच रूपे हवीत: दोन्ही क्लोराइड शेजारी, किंवा समोरासमोर. हिरवे रूप माहीत होतेच, पण दुसरे, जांभळे रूप व्हेर्नर यांना १९०७ मध्ये मिळाले. त्यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी त्यांनी कार्बनचा एकही अणू नसलेल्या कोबाल्ट संयुगाची डावी आणि उजवी, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असलेली, रूपे वेगळी केली आणि असा गुण फक्त कार्बनी रेणूंचाच असतो हा समज मोडला. फारशी उपकरणे हाताशी नसताना, निव्वळ मोजणी आणि रूपांची संख्या यांवरून रेणूची रचना सांगणारे हे काम रसायनशास्त्राच्या इतिहासात फार वरच्या दर्जाचे आहे.

रंग आणि चुंबकत्व : एकट्या आयनात पाचही डी-कक्षकांची ऊर्जा सारखी असते. सहा लिगंड जवळ आले की ती सारखी राहत नाही: दोन कक्षक थेट लिगंडांच्या रोखाने असल्याने वर ढकलले जातात, तीन खाली राहतात. हान्स बेथे यांनी १९२९ मध्ये या स्फटिक-क्षेत्र सिद्धांताचा पाया घातला. खालून वर जाताना इलेक्ट्रॉन त्या अंतराएवढ्या ऊर्जेचा प्रकाश शोषतो, आणि उरलेला प्रकाश आपल्याला रंग म्हणून दिसतो. अंतर लिगंडांवर ठरते, म्हणून लिगंड बदलले की रंग बदलतो. मोरचूद तापवून पाणी घालवले की तो पांढरा पडतो. त्याच्या फिक्या निळ्या द्रावणात भरपूर अमोनिया घातला की गर्द निळा होतो. माणिक आणि पाचू या दोहोंत रंग देणारा आयन एकच, त्रिधन क्रोमियम. माणकात त्याच्याभोवतीचे क्षेत्र अधिक तीव्र असते, पाचूत काहीसे सौम्य. तेवढ्यावर एक लाल, दुसरा हिरवा. प्रत्येक रंगाला हेच कारण लावता मात्र येत नाही. पोटॅशियम परमँगॅनेटमधल्या मँगॅनीजजवळ एकही डी-इलेक्ट्रॉन नसतो. तो गडद जांभळा रंग ऑक्सिजनकडून धातूकडे इलेक्ट्रॉन सरकण्यातून येतो.

हेच अंतर चुंबकत्वही ठरवते. पाण्याच्या सोबतीत लोहाच्या द्विधन आयनात चार इलेक्ट्रॉन जोडीविना राहतात आणि तो चुंबकाकडे ओढला जातो. सायनाइडच्या सोबतीत अंतर मोठे होते, सहाही इलेक्ट्रॉन खाली जोड्या करून बसतात आणि ती ओढ नाहीशी होते. पॉलिंग आणि कॉरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये असाच बदल रक्तात मोजला. ऑक्सिजन नसलेले हीमोग्लोबिन चुंबकाकडे ओढले जाते, ऑक्सिजन धरलेले नाही.

उत्प्रेरण : स्वतः न संपता अभिक्रिया वेगाने घडवणे म्हणजे उत्प्रेरण, आणि अवस्था बदलता येत असल्याने हे धातू त्यात उपयोगी पडतात. सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यात व्हॅनेडियम पेंटॉक्साइड सल्फर डायऑक्साइडला ऑक्सिजन देते, स्वतः +४ अवस्थेत उतरते आणि हवेतून ऑक्सिजन घेऊन पुन्हा +५ होते. अमोनिया बनवताना लोहाच्या पृष्ठभागावर नायट्रोजनचा तिहेरी बंध तुटतो. जिवाणूंतील नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) हेच काम बहुधा लोह आणि मॉलिब्डेनम यांच्या मदतीने नेहमीच्या तापमानाला करते. कार्बन-कार्बन बंध जुळवणाऱ्या पॅलॅडियमच्या अभिक्रियांसाठी हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१० चे नोबेल मिळाले.

आरोग्य : धातूचे नाव सांगून तो विषारी की नाही हे ठरत नाही, अवस्था आणि रचना सांगावी लागते. सिसप्लॅटिन या कर्करोगावरील प्लॅटिनमच्या औषधात दोन क्लोराइड शेजारी असतात. ते समोरासमोर असलेल्या रूपाचा असा उपयोग होत नाही. +६ अवस्थेतील क्रोमियम कर्करोगकारक आहे, तर +३ अवस्थेतील त्या मानाने खूपच कमी घातक. म्हणून क्रोमेटयुक्त (+६ क्रोमियम असलेल्या) सांडपाण्यात आम्लधर्मी स्थितीत फेरस सल्फेट किंवा सल्फाइट घालून क्रोमियम +३ वर आणतात, मग चुना घालून त्याचे हायड्रॉक्साइड खाली बसवतात आणि तो गाळ वेगळा काढतात.